कोकणातल्या घरापुढे लाकडी कुंपण: लाकूड कोणते घ्यावे आणि खांब कसे उभे करावेत?

ओसरीवरून

नमस्कार. दापोली तालुक्यात, समुद्रापासून साधारण तीन किलोमीटर आत, आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. आई तेथे एकटी राहते आणि मी पुण्याहून महिन्यातून एकदा जाते. घराच्या तीन बाजूंना चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आहे. रस्त्याकडची पुढची बाजू मात्र जून २०२० मधल्या निसर्ग वादळापासून उघडीच आहे. त्या दिवशी दारातला फणस उन्मळून जुन्या गडग्यावर (दगड रचून केलेल्या कुंपणावर) पडला आणि गडग्याचे दगड रस्त्यापर्यंत घरंगळत गेले. पुढे ते दगड परसातल्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कामी आले, त्यामुळे गडगा पुन्हा रचण्याचा विषय मागे पडला.

पुढची बाजू एकूण १२० फूट आहे. मध्यभागी १२ फुटांचे फाटक येईल. त्याचे चिऱ्याचे दोन खांब अजून शाबूत आहेत. म्हणजे फाटकाच्या दोन्ही अंगांना ५४-५४ फूट कुंपण लागेल. तेथेही भिंतच घाला असे बहुतेकांनी सुचवले, पण आईचा सगळा दिवस ओटीवर जातो आणि येणारे-जाणारे दिसणे, दोन शब्द बोलणे हीच तिची करमणूक आहे. समोर भिंत उभी राहिली तर तिला घरात कोंडल्यासारखे वाटेल, म्हणून कमरेच्या किंचित वर येईल असे, फटी असलेले लाकडी कुंपण हवे आहे. उनाड गुरे अबोली आणि जास्वंदीपासून दूर राहिली तरी आमचे काम झाले. (वानरांचा बंदोबस्त कुंपणाने होतो असा आमचा गैरसमज नाही.)

अडचण अशी आहे की सल्ले तीन मिळाले आणि तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गावातले सुतार म्हणतात की अकेशियाचे खांब आणावेत, खालच्या टोकाला डांबर फासावे आणि दोन फूट गाडावेत. पुण्यातल्या एका लाकूड व्यापाऱ्याने परदेशी पाइनची तयार पॅनेले दाखवली. दिसायला ती फारच नेटकी आहेत. आई म्हणते की हा सगळा खर्च वायफळ आहे, तिच्या माहेरी दर वर्षी पावसाआधी काटेरी फांद्यांची वई (कुंपण) घालत असत तशी घालावी. शिवाय त्या पडलेल्या फणसाच्या फळ्या कापून आम्ही गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या आहेत. त्यांना आता काही वर्षे झाली. त्या कुंपणाला चालतील का, हेही ठरत नाही.

कुंपण दहा-बारा वर्षे तरी टिकावे एवढी अपेक्षा आहे. आईला दर वर्षी माणसे बोलावून डागडुजी करून घेणे शक्य नाही, हेही लक्षात घ्यावे. कोणते लाकूड घ्यावे आणि बांधणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

रंधा-पटाशी

ताई, मी गुहागरकडचा. सुतारकामात तीस वर्षे गेली, त्यात कुंपणे आणि फाटकेही बरीच केली. तुमच्या प्रश्नात लाकडाचे नाव आधी आले आहे, पण कोकणात कुंपणाचे आयुष्य खांबाच्या पायावर ठरते. खांब मातीत गाडायचा की मातीपासून वर ठेवायचा हे आधी ठरवा, लाकूड त्यानंतर बघू.

दोन वर्षांपूर्वी एका वाडीत चौदा वर्षांचे जुने कुंपण सोडवायचे काम माझ्याकडे आले. खांब ऐन या झाडाच्या लाकडाचे, चार इंची आणि चांगल्या वजनाचे होते. जमिनीवरचा भाग वाजवून पाहिला तर खणखणीत. खणून काढल्यावर दीड फूट खाली गेलेले टोकही जवळपास घट्टच निघाले. पण मातीच्या तोंडाशी, जिथे खांब आत शिरतो तिथे, पेचकस नुसत्या हाताने दाबला तरी चार बोटे आत जात होता. मधला तेवढाच वितभर भाग कुजलेला आणि खाली-वर सगळे शाबूत, असे अकरा खांब त्या दिवशी निघाले. याचे कारण साधे आहे. खोल मातीत ओल असते पण हवा नसते. वर हवा असते पण वारा लाकूड सुकवून टाकतो. मातीच्या तोंडाशी मात्र ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला नेमके तेच लागते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली असला तर ही बुरशी वाढत नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा चार महिने ओलावा त्याच्या वरच राहणार, त्याला इलाज नाही. इलाज एवढाच आहे की पावसाने उघडीप दिली की लाकूड लवकर सुकले पाहिजे, आणि मातीत उभा असलेला खांब कधीच सुकत नाही.

डांबराविषयी सुतारांशी माझा जुना वाद आहे. लाकूड पूर्ण वाळलेले असेल तर डांबराचा थोडा उपयोग होतो. पण बहुतेक वेळा खांब ओलाच आणतात आणि त्यावर डांबर फासतात, त्यामुळे आतले पाणी आतच कोंडते. पुढे उन्हाळ्यात लाकूड आकसून तडकते, त्या चिरेतून पावसाचे पाणी आत उतरते आणि डांबरामुळे ते बाहेर पडू शकत नाही. टोक भाजून गाडण्याची पद्धतही मी पुष्कळ पाहिली आहे; भाजलेला थर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि पहिल्या तड्याबरोबर त्याचे काम संपते.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे. प्रत्येक खांबासाठी सव्वा फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरावे. त्यात दोन लोखंडी पट्ट्या, प्रत्येकी दोन इंच रुंद आणि सहा मिलिमीटर जाड, समोरासमोर उभ्या रोवाव्यात. त्या दीड फूट काँक्रीटमध्ये आणि सव्वा फूट वर राहाव्यात. लाकडी खांब या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवून आरपार दोन बोल्टांनी आवळावा, आणि खांबाचा तळ काँक्रीटपासून दोन इंच वर अधांतरी ठेवावा. पट्टी पातळ घेतली किंवा एकाच बोल्टवर भागवले तर खांब डुलतो, आणि मग लोक या पद्धतीलाच नावे ठेवतात. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा तीन इंच वर आणि चारी बाजूंना उतरता करावा, नाहीतर तिथे पाण्याची वाटी तयार होते. पट्ट्या वेल्डिंग, भोके सगळे झाल्यावर गरम झिंकमध्ये बुडवून गॅल्व्हनाइझ करून घ्याव्यात. नुसता लाल ऑक्साइड समुद्राच्या हवेत दोन पावसाळेही काढत नाही. गावात ही सोय नसेल तर पुण्याहून करून आणा, आपले जाणे-येणे आहेच.

त्या दोन इंचांच्या फटीचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत वर येते. गाडलेल्या खांबात ती आतल्या आत चढते आणि खांब पोकळ होईपर्यंत कोणाला कळत नाही. अधांतरी खांबापर्यंत पोहोचायला तिला लोखंडी पट्टीवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळी बांधावी लागते. आईंनी फुले काढताना एकदा नजर टाकली आणि नळी दिसलीच तर खराट्याने पाडून टाकली, की झाले.

आता लाकूड. खांबांना ऐन किंवा चांगल्या जून झाडाचा अकेशिया चालेल, पण खांबात गाभ्याचेच लाकूड असले पाहिजे. कोवळ्या अकेशियात गाभ्याभोवती फिकट पांढरट लाकडाची जाड कड असते आणि भुंगा प्रथम तिच्यावरच पडतो; वखारीत खांबाचे कापलेले तोंड पाहिले की ती कड लगेच ओळखू येते. माझी स्वतःची पसंती मात्र मोडलेल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या सागाच्या किंवा ऐनाच्या वाशांना आहे. ते पन्नास-साठ वर्षे वाळलेले असतात, आता पिळत किंवा तडकत नाहीत, आणि नव्या सागापेक्षा स्वस्त पडतात. घेताना खिळे आणि भुंग्याची भोके तेवढी तपासावीत. फणसाच्या फळ्या निःसंशय वापरा. इतकी वर्षे माळ्यावर वाळलेला फणस कोणत्या वखारीत मिळणार? त्याचा पिवळा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. फळ्यांच्या कडांचे पांढरे लाकूड मात्र तासून काढा, आणि खांबांना फणस वापरू नका, तो उभ्या फळ्यांसाठीच ठेवा.

हिशेब असा बसतो. सहा फुटांवर एक खांब धरला तर प्रत्येक बाजूला नऊ गाळे होतात. दोन्ही टोकांना चिऱ्याचे काम असल्यामुळे लाकडी खांब बाजूला आठ, एकूण सोळा लागतील. चार बाय चार इंच आणि चार फूट लांबीचे सोळा खांब म्हणजे सुमारे सात घनफूट. तीन बाय दोन इंचांच्या आडव्या पट्ट्या दोन ओळींत, २१६ फूट, म्हणजे नऊ घनफूट. उभ्या फळ्या चार इंच रुंद, पाऊण इंच जाड, साडेतीन फूट उंच आणि मध्ये दोन इंचांची फट ठेवून २१६ नग, म्हणजे पावणेसोळा घनफूट. एकूण बत्तीसच्या आसपास, आणि घट धरून छत्तीस घनफूट. माळ्यावरच्या फणसात उभ्या फळ्या बसल्या तर विकत घ्यायचे लाकूड अर्ध्यावर येईल. फट बुजवण्याचा मोह टाळा: फटीविना त्याच फळ्या ३२४ लागतात, आणि वाऱ्याचा सगळा जोर खांबांवर येतो. निसर्ग वादळात आमच्याकडे बंद पत्र्याची कुंपणे सपशेल आडवी झाली, फटींची बरीचशी उभी राहिली.

फळ्यांचे खालचे टोक जमिनीपासून चार इंच वर ठेवा, कारण पागोळ्यांचे आणि पावसाचे चिखलपाणी तेवढे उडतेच. वरची टोके आणि आडव्या पट्ट्यांची वरची कड उतरती तासा, म्हणजे पाणी थांबणार नाही. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, आधी भोक पाडून. साध्या लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळे पडते, पुढे खिळा गंजून भोक मोठे होते आणि फळी खुळखुळू लागते.

मोहोर

वरचा प्रतिसाद सुतारकामाच्या दृष्टीने उत्तम आहे; मला फक्त आईंची बाजू थोडी मांडायची आहे, कारण वई ही कल्पना मोडीत निघालेली नाही आणि आपल्याला वाटते तितकी कामाची कटकटही नाही. दर वर्षी नव्याने घालावी लागते ती काटेरी फांद्यांची मेलेली वई. जिवंत वई एकदा धरली की वर्षातून एक-दोन छाटण्यांवर भागते. जूनच्या पहिल्या पावसानंतर निर्गुडीच्या हातभर काठ्या वीतभर अंतरावर लावल्या तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्या दाट होतात, आणि निर्गुडीला गुरे तोंड लावत नाहीत. गिरिपुष्प त्याहून लवकर वाढते, पण शेळ्या त्याचा पाला आवडीने खातात, तेव्हा रस्त्याच्या बाजूला ते लावण्यात अर्थ नाही. शेर या झुडपाची शिफारस कोणी केली तर ती टाळावी. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, आणि छाटणी करणारी व्यक्ती वयस्कर आहे.

तरीही आपल्या जागी वईऐवजी लाकडी कुंपणच योग्य ठरेल असे मला वाटते. वई दाट असते आणि दोन वर्षांत ती माणसाच्या उंचीची होते, मग ओटीवरून रस्ता दिसणार कसा? हवी तर कुंपणाच्या आत अबोलीची रांग करावी, मात्र लाकडापासून दीड फूट सोडून. कुंपणावर मधुमालती किंवा गुळवेल चढवू नये. चित्रात ते सुंदर दिसते, पण वेलाखालचे लाकूड दिवाळीपर्यंत ओलेच राहते.

ओसरीवरून

दोघांचे मनःपूर्वक आभार. मातीच्या तोंडाशी खांब कुजतो हे वाचून मी आईला फोन केला, तेव्हा तिने सांगितले की आमच्या जुन्या बेड्याचे (बांबूच्या साध्या फाटकाचे) खांबही नेमके तेथेच मोडले होते आणि आजोबा ते फूटभर कापून पुन्हा गाडत असत. म्हणजे बेडे दर काही वर्षांनी ठेंगणे होत गेले, याचे कारण मला आज कळले.

आणखी तीन शंका आहेत. पाइनच्या पॅनेलांवर हिरवट छटा होती आणि व्यापारी त्याला केमिकल ट्रीटमेंट म्हणत होता. ते नेमके काय असते? घरामागे आमचा स्वतःचा ऐन उभा आहे, तो तोडून खांब काढता येतील का? आणि लाकडाला वरून काय लावावे? जवसाचे तेल, काजूचे तेल आणि ऑइल पेंट अशी तीन नावे आतापर्यंत सुचवली गेली आहेत.

वखारीतला माणूस

माझा व्यवसाय लाकडाचा असल्यामुळे क्रमाने उत्तरे देतो.

हिरवट छटा बहुधा तांब्याच्या क्षारांची असते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे द्रावण मोठ्या दाबाने लाकडात घुसवण्याची पद्धत जगभर वापरली गेली, आणि तिचा शोध आपल्याच देशात, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली लावला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. पाइनसारखे एरवी लवकर कुजणारे लाकूड त्यामुळे जमिनीतही दीर्घकाळ टिकते. मात्र आर्सेनिकमुळे अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशा लाकडाचे उत्पादन २००३ च्या अखेरीस थांबले, आणि तेथे आता तांब्यावर आधारलेली दुसरी द्रावणे वापरतात. पाइन घ्यायचेच असेल तर कोणते द्रावण वापरले आहे आणि ते दाबाने आत घातले आहे की ब्रशने वरवर लावले आहे, हे बिलावर लिहून मागावे. ब्रशने लावलेले असेल तर आपल्या पावसात त्याला अर्थ नाही. एक गोष्ट आवर्जून सांगतो. अशा लाकडाचे तुकडे उरले तर ते न्हाणीच्या चुलीत जाळू नयेत. आर्सेनिक असलेल्या लाकडाचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. कोकणातल्या घरात उरलेले लाकूड सरळ पाणी तापवायच्या चुलीत जाते, म्हणून हे आईंच्या कानावर घालून ठेवावे.

लाकडाच्या टिकाऊपणाविषयी मते पुष्कळ ऐकू येतात, पण त्याची रीतसर मोजणीही झालेली आहे. निरनिराळ्या झाडांच्या गाभ्याचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ते किती महिने टिकतात ते पाहायचे, अशी ती चाचणी असते. भारतीय मानकात त्यावरून तीन वर्ग केलेले आहेत: सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्यात आणि ६० महिन्यांच्या आत जाणारे तिसऱ्यात. साग पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्यात. हे सगळे आकडे जमिनीत पुरलेल्या आणि कोणतीही प्रक्रिया न केलेल्या गाभ्याचे आहेत, हे विसरू नये. सागाचे बाहेरचे पांढरे लाकूड घेऊन कोणी दहा वर्षांची हमी देत असेल तर तो सागाचे नाव विकतो आहे. रंधा-पटाशी यांनी सांगितल्याप्रमाणे खांब वर उचलला तर दुसऱ्या वर्गाचे लाकूडही आपली बारा वर्षे काढील, याविषयी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

ऐनाबद्दल घाई करू नका. झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडे येतात. ती तोडण्यासाठी आधी परवानगी लागते आणि तोडलेला माल गिरणीपर्यंत नेण्यासाठी वाहतुकीचा परवाना वेगळा. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा घेऊन जावे, तेथे सध्याची पद्धत समजेल. परवानगी मिळाली तरी ओल्या ऐनाचे चार इंची खांब सावलीत वाळायला वर्षाहून अधिक काळ घेतात आणि उन्हात टाकले तर उभे चिरतात. सोळा खांबांसाठी, म्हणजे सात घनफुटांसाठी, एक उभे झाड आडवे करणे मला तरी पटत नाही. जुने वासे घ्यावेत, आणि वखारीतून घेताना पावती जपून ठेवावी. (बांबूचे तसे नाही. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे आपल्या जागेतला बांबू तोडणे आता पुष्कळ सुटसुटीत झाले आहे.)

वरून लावायच्या गोष्टींत ऑइल पेंट मी बाद करतो. त्याचा पापुद्रा बसतो, लाकूड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पापुद्रा फाटतो, आणि मग पाणी पापुद्र्याखाली अडकते. पुन्हा लावायचे तर आधीचा सगळा खरवडावा लागतो. जवसाचे तेल लाकडात चांगले मुरते, पण आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. काजूच्या टरफलांचे तेल कोळी लोक होड्यांना लावत आले आहेत, आणि उभ्या फळ्यांना तेही चालेल. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ते अंगावर सांडले तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून हातमोजे हवेत, आणि लाकूड त्याने काळपट होते, फणसाचा पिवळा रंग राहत नाही. रंग राखायचा असेल तर बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे, आत मुरणारे आणि बुरशीनाशक घातलेले वुड ऑइल घ्यावे. पहिला हात फळ्या जोडण्याआधी चारी बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या टोकांना द्यावा, कारण लाकूड पाणी सर्वांत जास्त पिते ते टोकातून. नंतर दोन वर्षांतून एकदा, नोव्हेंबरच्या शेवटी लाकूड पूर्ण सुकल्यावर, एक हात पुरे होतो.

काम सुरू करण्याआधी पुढच्या हद्दीची खूण एकदा पाहून घ्यावी. गडगा पडून बरीच वर्षे झाली आहेत आणि मधल्या काळात रस्त्याची बाजूपट्टी किती सरकली असेल ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. काँक्रीटचे सोळा खड्डे एकदा भरले की पुन्हा हलवता येत नाहीत.

रंधा-पटाशी

वखारवाल्यांनी बाजारातली बाजू नीट सांगितली. माझ्याकडून फाटकाचे राहून गेले होते. बारा फुटांचे फाटक एका पाख्यात (झडपेत) करू नका, दोन पाखे करा, सहा-सहा फुटांची. प्रत्येक पाख्याला तिरपी पट्टी लागतेच, नाहीतर वर्षभरात फाटक खाली लोंबते आणि जमिनीवर अर्धगोल रेघ ओढू लागते. ही तिरपी पट्टी बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात गेली पाहिजे, म्हणजे पाख्याचे वजन ती खालच्या बिजागरीवर टेकवते. निम्म्या फाटकांना मी ती उलट बसवलेली पाहतो. उलट बसवलेली लाकडी पट्टी सांध्यातून ओढली जाते आणि काही उपयोगाची राहत नाही. बिजागऱ्यांच्या बोल्टांसाठी चिऱ्याला नुसते भोक पाडू नका, जांभा ठिसूळ असतो. चिऱ्याच्या खांबात काँक्रीटचा ठोकळा बसवून त्यात बोल्ट धरा.

ओसरीवरून

सर्वांचे आभार. या शनिवार-रविवारी गावी जाऊन माळ्यावरचा फणस उतरवला. पांढऱ्या कडा वगळून चार इंची फळ्या मोजल्या तर १७० निघतील असा सुतारांचा अंदाज आहे, म्हणजे ४६ कमी पडतात. त्या जुन्या सागाच्या वाशांतून चिरून घेऊ आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना, जेथे रंगातला फरक मुद्दाम केल्यासारखा दिसेल, तेथे लावू. खांब जुन्या ऐनाच्या वाशांचे ठरले. घरामागचा ऐन उभाच राहील.

अधांतरी खांबाची कल्पना सुतारांना प्रथम पटली नाही. खांब जमिनीला टेकलाच नाही तर त्याला खांब का म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न होता. मग परसातल्या बेड्याचा उरलेला खांब त्यांना दाखवला आणि मातीच्या तोंडाशी पेचकस दाबायला सांगितला. पट्ट्या पुण्यात करायला टाकल्या आहेत. मोजणीचा अर्जही केला आहे, त्यामुळे खड्डे मोजणी होऊन खुणा मिळाल्यावरच घेतले जातील.

आईने एक अट घातली आहे. परसाच्या बाजूला, विहिरीकडे जायच्या वाटेवर, बांबूचे बेडे पूर्वीसारखेच हवे. त्याचे दोन खांब मात्र आता चिऱ्याचे करणार आहोत.